मद्याचें मोल : कर्जत-खालापुरांतील एक प्रकरण

नाशिककडील द्राक्षमद्याचे कारखाने पाहावयास जाणें ही आतां सुशिक्षित कुटुंबांची एक रीतसर सहल होऊन बसली आहे. प्रथम द्राक्षांचे मळे दाखवितात. मग पोलादी टाक्या व ओक लाकडाचीं पिंपें. आणि शेवटीं मोठ्या खिडक्यांच्या एका दालनांत नेऊन प्रत्येकापुढें पांच-सहा पेले मांडतात. पेल्यांत मद्य दोन घोटांहून अधिक नसतें. हलक्या किंमतीपासून आरंभ करावयाचा व भारी किंमतीकडे चढत जावयाचें, मधून मधून पाण्यानें तोंड स्वच्छ करावयाचें, अशी तेथील रीत आहे. प्रत्येक पेल्याबरोबर एक तरुण गृहस्थ मोठ्या अदबीनें सांगत असतो कीं, हें मद्य टाकींतलें व कोंवळें, ह्याची बाटली सहाशें रुपयांस. हें वर्षभर पिंपांत मुरलेलें, ह्याची अठराशेंस. शेजारच्या टेबलावर सासू व सून पेल्यांतील रंग उजेडाकडे धरून पाहत आहेत, हें दृश्य आमच्या वडिलांच्या पिढीनें स्वप्नांतही पाहिलें नसतें. आम्हांस त्यांत गैर कांहीं दिसलें नाहीं.

मात्र त्या मांडणींतील एक गोष्ट विचार करण्याजोगी वाटली. किंमत आधीं कानांवर पडते आणि चव मागाहून जिभेवर येते. आमच्या मंडळींत रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक होते. त्यांनीं हट्टानें दोन बाटल्यांस रुमाल गुंडाळावयास लावले. मग पांच जणांपैकीं तिघांनीं सहाशेंच्या मद्यास अठराशेंच्या वर बसविलें. दालनांतील तो तरुण नुसता हंसला. त्यास हा प्रकार नवा नसावा. कॅलिफोर्नियांतील कांहीं संशोधकांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग ह्याच जातीचा आहे. वीस माणसांस एकच मद्य दोन वेळां दिलें; एकदां त्याची किंमत पांच डॉलर म्हणून सांगितली, एकदां पंचेचाळीस. किंमत चढतांच चवीची तारीफ चढली. इतकेंच नव्हे, तर मेंदूच्या ज्या भागांत सुखाची जाणीव नोंदली जाते असें मानतात तो भागही अधिक जागा झालेला यंत्रावर दिसला. म्हणजे ते बिचारे खोटें बोलत नव्हते. त्यांस महाग मद्य खरोखरच गोड लागत होतें.

किंमत चवीस घडविते, एवढें मानसशास्त्रानें सांगितलें. परंतु किंमतीस कोण घडवितें, आणि एका पेल्याच्या वांट्यास काचेचें दालन व दुसऱ्याच्या वांट्यास पोलिसाचा दंडुका कां येतो, हें सांगणें इतिहासाचें काम आहे. त्यासाठीं नाशिकास राहून भागत नाहीं. घाट उतरून कर्जत व खालापूर ह्या तालुक्यांत गेलें पाहिजे. ह्या भागाची ख्याति द्राक्षांसाठीं नाहीं. भात, पाऊस आणि डोंगरउतारावरचे मोहाचे वृक्ष ही त्याची ओळख. तरीही मद्याचें मोल राज्यकर्ता कसें ठरवितो, हें पाहावयास ह्या दोन तालुक्यांइतकें सोईचें ठिकाण आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं.

मद्याच्या उंच-नीच प्रती ही इंग्रजांनीं आणलेली गोष्ट आहे, अशी समजूत कोणी करून घेऊं नये. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषा लिहिणाऱ्या व्यापाऱ्यानें 'पेरिप्लस' नांवाचें जें प्रवासटिपण लिहून ठेविलें, त्यांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालाची यादी आहे. बाजारासाठीं मद्य तीन ठिकाणचें: इटलीचें सर्वांत पसंतीचें, त्याखालीं लाओदिकेया नांवाच्या नगराचें व अरबस्तानचें, आणि राजासाठीं म्हणून जी वेगळी यादी दिली आहे, तींत रुप्याचीं भांडीं, गाणारीं मुलें व सुंदर दासी ह्यांच्याबरोबर 'उंची मद्य' हा शब्द पुन्हां येतो. बाजाराचें मद्य निराळें, दरबाराचें निराळें! कल्याण बंदराचा उल्लेखही त्याच ग्रंथांत आहे. कल्याणाहून घाटमाथ्याकडे जाणाऱ्या प्राचीन वाटांपैकीं एक राजमाचीच्या पायथ्यास कोंडाणें लेण्यांजवळून वर चढे, आणि हें कोंडाणें कर्जत तालुक्यांतच आहे. ज्या मातीच्या निमुळत्या रांजणांतून हें पश्चिमेकडील मद्य येई, त्या रांजणांचीं खापरें घारापुरीस सांपडलीं आहेत व थेट नेवाशासही सांपडलीं आहेत.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तर मद्यावर एक सबंध प्रकरण आहे. त्याचा सुराध्यक्ष हा अधिकारी आजच्या आबकारी आयुक्ताचा पूर्वज म्हणावयास हरकत नाहीं. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्याचे प्रकार तो सांगतो. ह्यांतील 'मधु' म्हणजे द्राक्षाचें मद्य, आणि त्याचीं नांवें त्याच्या त्याच्या देशावरून पडलीं, जसें कापिशायन हें कपिशा देशाचें. आज 'नाशिक व्हॅली' हें नांव कायद्यानें राखून ठेवितात, त्याचीच ही जुनी आवृत्ति. बिघडलेली सुरा विकूं नये, ती दास व मजूर ह्यांस वेतनादाखल द्यावी अथवा जनावरांस पाजावी, असेंही हा रोखठोक ग्रंथकार सांगतो. गरिबाच्या पेल्यांत काय पडावयाचें, हें त्या काळींही वरूनच ठरत असे. मात्र ह्याच कौटिल्यानें दोन सवलती ठेविल्या आहेत. गृहस्थांस घरच्या कार्याच्या प्रसंगीं पांढरी सुरा व औषधासाठीं अरिष्ट घरीं करण्याची मोकळीक आहे. आणि उत्सव, मेळे व यात्रा ह्यांच्या वेळीं चार दिवस मद्य करण्याची परवानगी आहे. महसुलाच्या बाबतींत कौटिल्य कांहीं भोळा नव्हता. तरीसुद्धां घरची चूल व गांवची जत्रा ह्यांस त्यानें सरकारी मक्त्याबाहेर थोडी जागा दिली. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां मोहाकडे वळूं. संस्कृत 'मधूक', प्राकृत 'महुअ', आणि त्यावरून आमचा 'मोह'. मनुष्यास पडणारा मोह ह्या शब्दाशीं त्याचें कांहीं नातें नाहीं, जरी दारूबंदीच्या व्याख्यात्यांनीं ह्या योगायोगाचा पुष्कळ उपयोग करून घेतला आहे. फाल्गुन-चैत्रांत झाडाचीं पानें झडतात आणि फांद्यांच्या टोंकांस फुलांचे घोस लटकतात. फुलें रात्रीं उमलून पहाटेस पडतात; फिकट पिंवळीं, जाड, रसाळ, एखाद्या बेदाण्यासारखीं गोड. सुकल्यावर त्यांच्या वजनाचा अर्धाअधिक भाग साखरच असतो. तीं भाजून खातात, शिजवून खातात, पिठांत मिसळून भाकरी करितात. दुष्काळांत तर हीं फुलें म्हणजेच धान्य. बियांचें तेल निघतें, पानांच्या पत्रावळी होतात. आणि हींच फुलें मडक्यांत भिजत घालून कांहीं दिवस आंबूं दिलीं, मग मडकें चुलीवर चढवून त्याच्या तोंडाशीं बांबूची नळी जोडली व नळीचें दुसरें टोंक पाण्यांत बसविलेल्या गार घागरींत सोडलें, म्हणजे थेंबथेंब दारू उतरते. प्रथम उतरते ती पहिल्या धारेची. एकदां उतरलेली पुन्हां गाळली म्हणजे बेवडा. शहरांत हा शब्द पुढें दारूवरून दारुड्यावर आला. म्हणजे प्रती तेथेंही होत्या व जाणकारही होते. मात्र त्या प्रतींस किंमत नव्हती; कारण फूल रानाचें, सरपण रानाचें, आणि पेला लग्नाचा, मयताचा अथवा देवाचा. त्यास मान होता, भाव नव्हता.

कर्जत-खालापूरच्या डोंगरकडेस राहणारे कातकरी व ठाकूर हे ह्या पेल्याचे धनी. कातकऱ्यांचें नांवच खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या त्यांच्या धंद्यावरून पडलें. खालीं सपाटीस ताड व शिंदी. त्यांच्या शेंड्यास मडकें लावून रस घ्यावा, तो सकाळीं गोड व दुपारपर्यंत आंबट. ताडी व शिंदी हीं द्राक्षमद्याहूनही सौम्य. पुष्कळ युरोपीय प्रवाशांनीं त्यांस ताडाची वाइन असेंच म्हटलें आहे. तेव्हां कोंकणांत 'वाइन' नव्हती, असें म्हणणें खरें नव्हे. तिचा कारखाना नव्हता, इतकेंच.

१८७८ हें वर्ष ह्या भागाच्या इतिहासांत दुहेरी घावाचें आहे. त्या वर्षीं हिंदुस्थान सरकारचा जंगलाचा कायदा झाला, आणि त्याच वर्षीं मुंबई इलाख्याचा आबकारी कायदाही झाला. पहिल्यानें कातकऱ्याची खैराच्या लाकडावरील कुऱ्हाड अडविली. दुसऱ्यानें त्याच्या चुलीवरील मडकें. त्यापूर्वीं दारूच्या विक्रीचे मक्ते दिले जात, पण गांवोगांव लहान भट्ट्या चालत व घरगुती गाळण्याकडे फारसें कोणी पाहत नसे. इलाख्याच्या मीठ व आबकारी खात्याचे प्रमुख चार्ल्स प्रिचर्ड ह्यांनीं जी नवी पद्धति बसविली, तिचा गाभा असा कीं, दारू गाळावयाची ती ठराविक मध्यवर्ती कारखान्यांतच, सरकारच्या नजरेखालीं, विशिष्ट तीव्रतेची. तीवर गॅलनमागें कर. आणि विक्री मक्तेदाराच्या दुकानांतूनच. ताडी-शिंदीच्या प्रत्येक झाडावर निराळा कर, तोही पूर्वींपेक्षां पुष्कळ वाढविलेला. ठाणें व कुलाबा ह्या बाजूची दारू मुख्यतः उरणास गाळली जाई, आणि तेथील भट्ट्या व दुकानें ह्यांत पारशी व्यापाऱ्यांचा हात मोठा होता. कर्जत त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांत असे, खालापूर हा त्याचाच एक पेटा. पुढें तो मुलूख कुलाब्यास जोडण्यांत आला, आणि १९८१ पासून कुलाब्यास आपण रायगड म्हणतों.

नव्या पद्धतीची खरी कमाल पुढेंच आहे. उरणास जी दारू गाळीत ती मोहाचीच! परंतु फुलें येत तीं मुख्यत्वें बाहेरून, गुजरातेच्या बाजूकडून. म्हणजे कर्जतच्या कातकऱ्यानें आपल्या दारांतील मोहाचें फूल सोडून द्यावें, दुसऱ्या प्रांताच्या मोहाची दारू समुद्रकांठीं गाळली जावी, आणि ती कर व नफा ह्यांसह त्यास चौक किंवा नेरळ येथील दुकानांत रोख पैशानें विकत मिळावी. पण दारांतील झाड तर हटत नव्हतें. चैत्र आला कीं फुलें पडत, आणि रात्रीं रानांत मडकें चढे. तेव्हां सरकारनें फुलांसच हात घातला. १८९२ सालीं 'मोहवड्याचा कायदा' म्हणून जो स्वतंत्र कायदा झाला, तो ठाणें व कुलाबा ह्या जिल्ह्यांसाठीं. मोहाचीं फुलें बाळगणें, विकणें, नेणें-आणणें ह्यांवर त्यानें निर्बंध घातले. जगांतील कायद्यांच्या इतिहासांत झाडावरून आपोआप पडणाऱ्या फुलास संशयित ठरविणारे कायदे फारसे नसतील. दुष्काळांतील अन्न आणि दारूचा कच्चा माल हीं एकच वस्तु असल्यानें दारू अडवितांना अन्नही अडलें, ही तक्रार त्या काळींच झाली होती.

इलाख्यांत देशी दारूच्या दोन ठराविक तीव्रता असत: एक पंचवीस अंश 'अंडर प्रूफ' व दुसरी साठ अंश. आजच्या हिशेबानें पहिलींत मद्यार्क शेंकडा सुमारें त्रेचाळीस, दुसरींत सुमारें तेवीस. कर तीव्रतेप्रमाणें, म्हणून किंमतही तीव्रतेप्रमाणें. येथें प्रथमच कातकऱ्याच्या पेल्यास 'प्रत' म्हणजे 'दर' असें रूप आलें. नाशिकच्या दालनांत सहाशें व अठराशें ह्यांतला फरक द्राक्षाची जात, दर एकरीं पीक व पिंपांतील महिने ह्यांवर सांगितला जातो. उरणच्या दारूंत तो फक्त जोर व जकात ह्यांवर होता. चवीचा प्रश्न कोणी विचारला नाहीं, आणि विचारण्याचें कारणही नव्हतें. जेथें दुकान एकच तेथें जिभेस मत नसतें.

ह्याच मुलखांत, चौकाच्या डोक्यावर, दुसरें एक जग वसत होतें. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा १८५० च्या मे महिन्यांत चौक येथें मुक्कामास असतां समोरचा डोंगर चढून गेला, आणि माथेरान साहेबलोकांस सांपडलें. पुढें बंगले झाले, हॉटेलें झालीं, १९०७ पासून नेरळहून लहान आगगाडी वर जाऊं लागली. वर विलायती मद्य, त्यावरील जकात बंदरांतच चुकती झालेली. तें बाळगण्यास तेथें कोणाची झडती होत नसे. तें पाठीवर वाहून वर नेणारा हमाल मात्र पुष्कळदां खालच्याच वाडीचा असे. एकाच तालुक्यांत, अडीच हजार फुटांच्या अंतरानें, मद्याचीं दोन राज्यें! आम्हीं हें नाट्य म्हणून लिहीत नाहीं. ज्यास विश्वास वाटत नसेल त्यानें चौकाच्या सडकेवर उभें राहून एकदां वर पाहावें.

१८८२ सालच्या ठाणें गॅझेटियरांत कातकऱ्यांविषयीं जें लिहिलें आहे त्यांत त्यांच्या दारूच्या आवडीचा उल्लेख आहेच. गॅझेटियर हा मोठा उपयुक्त ग्रंथ आहे व त्यावांचून आमच्यासारख्यांचें पान हलत नाहीं. पण ज्या सरकारच्या जमेच्या बाजूस आबकारीचा आंकडा दर वर्षीं फुगत होता, त्याच सरकारचे अधिकारी कातकऱ्याच्या व्यसनाविषयीं खेद लिहीत होते, हें वाचतांना हंसूं येतें खरें. कातकरी पीत होता, आणि पिण्यानें त्याचें नुकसान झालें, हें आम्हीं नाकारीत नाहीं. परंतु घरचा पेला सणासुदीचा असतो, दुकानाचा पेला रोजचा होतो; आणि रोजच्या पेल्यास रोख पैसा लागतो. रोख पैसा नाहीं म्हणून उधारी. उधारी फेडावयाची म्हणून सावकाराकडे किंवा दुकानदाराच्याच शेतावर राबणूक. दक्षिण गुजरात व त्यालगतच्या भागांत हें कसें घडलें ह्याचा तपशील डेव्हिड हार्डिमन ह्यांनीं 'देवीच्या आगमना'वरील आपल्या १९८७ च्या ग्रंथांत दिला आहे. १९२२ सालीं तिकडील आदिवासींनीं अंगांत येणाऱ्या देवीच्या आज्ञेनें दारू-ताडी आपण होऊन सोडली व दुकानांवर बहिष्कार घातला. 'ह्या लोकांस आवरतां येत नाहीं' असें जे म्हणत, त्यांस ह्याहून चांगलें उत्तर सांपडणार नाहीं.

मग आमचा सुशिक्षित वर्ग ह्या काळांत काय करीत होता? अगदींच स्वस्थ नव्हता. जोतीराव फुले ह्यांनीं पुण्याच्या नगरपालिकेंत दारूच्या दुकानांविरुद्ध १८८० सालींच तक्रार केली होती. १९०८ सालीं टिळकांच्या पाठिंब्यानें पुण्यांत दुकानांपुढें स्वयंसेवक उभे राहिले. १९१३ सालीं खाडिलकरांचें 'विद्याहरण', आणि १९१९ सालीं गडकऱ्यांचें 'एकच प्याला' रंगभूमीवर आलें. पण पाहा, 'विद्याहरणां'तला मद्यपी शुक्राचार्य, 'एकच प्याल्यां'तला सुधाकर वकील! दारू हा प्रश्न आमच्या नाटकांत शिरला तो घरांतील कर्त्या पुरुषाचा अधःपात म्हणून. त्यानें प्रेक्षक रडले, पुष्कळांनीं पेला टाकलाही असेल, आणि तेवढ्यापुरतें त्या नाटकांचें ऋण मोठें आहे. परंतु झाडावरचें फूल वेंचल्याबद्दल ज्याची झडती होते त्या माणसास त्या रंगभूमीवर जागा मिळाली नाहीं. दारूबंदीची चळवळ ही जितकी सरकारच्या महसुलाविरुद्ध होती, तितकीच ती आमच्या स्वतःच्या घरच्या भीतीचीही होती, असें आमचें मत आहे.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. मुंबई शहरांत काँग्रेस मंत्रिमंडळानें १ ऑगस्ट १९३९ पासून दारूबंदी लागू केली. तिचे कर्ते डॉक्टर गिल्डर. मंत्रिमंडळ गेलें, बंदी ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल १९५० पासून सर्व राज्यांत पूर्ण बंदी झाली. त्याच कायद्याखालीं मोहाच्या फुलांचे नियमही नव्यानें करण्यांत आले. गोरा साहेब गेला. फूल मात्र संशयितच राहिलें. बंदींतही दोन थर होतेच. ज्यास डॉक्टराचा दाखला मिळवितां येई त्यास प्रकृतीच्या कारणास्तव परवाना मिळे. ज्यास डॉक्टरच माहीत नाहीं त्यास हातभट्टी व तुरुंग. १९६० नंतरच्या दशकांत बंधनें सैल होत गेलीं, कायदा मात्र अजून आहे आणि त्याच्या नांवांतील 'दारूबंदी' हा शब्दही कायम आहे. आज कर्जत-खालापुरांतील देशी दारूच्या दुकानांत जें विकलें जातें तें साखरकारखान्याच्या मळीचें असतें. मोह त्यांतून केव्हांच निघून गेला. त्याहूनही स्वस्त जें विकलें जातें त्याविषयीं बोलावयास नको. जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणी भागांत विषारी हातभट्टीनें शंभराहून अधिक माणसें मेलीं. किंमतीच्या शिडीची ही सर्वांत खालची पायरी, आणि नाशिकच्या दालनांत ती कोणी दाखवीत नाहीं.

त्या शिडीची वरची पायरी मात्र राज्यानें स्वतः बांधली. २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें. द्राक्षमद्याच्या कारखान्यांस उत्पादन-शुल्कांत सूट दिली, परवान्यांची वाट सोपी केली, आणि विंचूर व पलूस येथें ह्या उद्योगासाठीं जागा राखल्या. द्राक्ष बागाईतदाराच्या मालास उठाव मिळावा हा हेतु स्तुत्य होता. नाशकास पावसाळा संपल्यावर वेलींची छाटणी करितात व जानेवारी-मार्चांत द्राक्षें काढितात. युरोपांत जें काम शरद ऋतूंत होतें तें येथें थंडीच्या अखेरीस होतें, आणि ह्या उलट्या ऋतुमानांतून आमच्या लोकांनीं चांगलें मद्य निर्माण केलें, ही कौतुकाची गोष्ट आहे. परंतु ज्या जकातीनें कर्जतच्या पेल्याचा गुन्हा केला, त्याच जकातीच्या माफीनें नाशिकच्या पेल्याची प्रतिष्ठा केली, ह्याकडे इतिहासाच्या अभ्यासकानें डोळेझांक करूं नये. जानेवारी २०२२ मध्यें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असें तिचे कैवारी बोलले. विरोध झाला व तो निर्णय बाजूस पडला. वाइन म्हणजे दारू नव्हे, हें विधान तीव्रतेपुरतें खरें धरलें, तरी मग शिंदी म्हणजे दारू कशी, ह्याचें उत्तर त्यांनीं द्यावयास हवें होतें.

मोहाची दारू गाळलेली असते, द्राक्षाचें मद्य नुसतें आंबविलेलें असतें. म्हणून दोहोंस एक नियम लावतां येणार नाहीं, असा एक आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. पण गोव्याची फेणीही गाळलेलीच असते. तिला २००९ सालीं भौगोलिक नांवाचें संरक्षण मिळालें, आणि २०१६ सालीं गोवा सरकारनें तिला आपलें वारसा-पेय ठरविलें. मध्य प्रदेश सरकारनें २०२१ सालीं मोहाच्या दारूस 'वारसा मद्य' म्हणून मान्यता देण्याचें जाहीर केलें. म्हणजे आक्षेप गाळण्यास नाहीं. तें कोण गाळतो ह्यास आहे. आमच्या मतें कौटिल्याची ती जुनी सवलत, घरच्या कार्यास घरची सुरा व जत्रेस चार दिवस, ही आजच्या कोणत्याही धोरणाहून शहाणपणाची होती; कारण तिनें सणाचा पेला दुकानाच्या पेल्यापासून वेगळा ठेविला.

२०२१ सालींच महाराष्ट्र सरकारनेंही मोहाचीं फुलें गोळा करणें, साठविणें व नेणें ह्यांवरील बंधनें उठविलीं. फुलांवरचा संशय सव्वाशें वर्षांनीं फिटला. गाळण्याची मनाई अर्थात् आहेच. आतां फुलांचीं सरबतें, मुरंबे, लाडू करावे, बचतगटांनीं तीं विकावीं, अशा योजना बोलल्या जातात, आणि त्या चांगल्या आहेत. गेल्या चैत्रांत चौकाच्या पलीकडील एका कातकरवाडींत आम्ही हीच बातमी घेऊन गेलों होतों. सकाळचे नऊ वाजले होते. वाडीच्या वर दोन मोठे मोह, आणि त्यांखालीं जमीन पिंवळी झालेली. वाडींतील बहुतेक घरांस कड्या. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन तरणीं माणसें वीटभट्ट्यांवर व कोळसा पाडावयास जातात, तीं पावसाच्या तोंडाशीं परततात. हा ह्या जमातीचा आतां वर्षाचा नेम होऊन गेला आहे. ओट्यावर एक म्हातारी नातवास घेऊन बसली होती. आम्हीं विचारलें, "आजी, हीं फुलें आतां वेंचलीं तर चालतात, कोणी अडवीत नाहीं, मग टोपली कां नाहीं काढली?"

ती म्हणाली, "वेंचायला माणूस कुठं हाय, साहेब? शेळ्या खातात."